डोळा घुबडाचा, जीव उंदराचा

घुबडाचा डोळा तपासायचा असला की खोलीतला उजेड आधी कमी करतात. एकजण पक्ष्याला टॉवेलात गुंडाळून छातीशी धरतो, पाय मुठीत घट्ट, कारण भीती चोचीपेक्षा नख्यांची जास्त. दुसरा बारीक टॉर्च डोळ्यावर धरतो. बाहुली आकसते आणि नवख्याचा जीव भांड्यात पडतो: दिसतंय की याला! मुरलेला डॉक्टर एवढ्यावर भुलत नाही. आपल्या बाहुलीचे स्नायू आपल्या ताब्यात नसतात. पक्ष्याच्या बाहुलीचे स्नायू मात्र हातापायांच्या स्नायूंच्या जातीचे, बरेचसे त्याच्या मर्जीने हलणारे. नुसत्या घाबरण्यानेही ती लहानमोठी होते. माणसाच्या डोळ्यात ॲट्रोपिनचे थेंब टाकले की बाहुली पसरते. घुबडावर त्या थेंबांचा काही उपयोग नाही. डॉक्टरला आत डोकवायचं असेल तर निराळी औषधं लागतात, नाहीतर अंधार आणि धीर.

आत डोकवावंच लागतं, कारण दुखणं बहुतेक वेळा तिथेच असतं. रात्री रस्त्याकडेला शिकारीवर झेपावणारं घुबड मोटारीला धडकतं, दिवसा ससाणा आकाशाचं प्रतिबिंब पडलेल्या काचेवर आदळतो. वरून डोळा लख्ख, ओरखडासुद्धा नाही. पण डोळ्याच्या मागच्या भागात पेक्टेन नावाचा रक्तवाहिन्यांचा चुणीदार पंखा असतो, तो दणक्याने फाटून आत रक्त साकळतं, किंवा पडदाच जागचा सुटतो. अमेरिकेत वेस्ट नाईल विषाणूनेही ससाण्यांच्या पडद्याला सूज येऊन दृष्टी गेलेली आढळते.

हा डोळा गोटीसारखा गोल नसतो. घुबडाचा तर जवळजवळ नळीच्या आकाराचा, आणि त्याभोवती हाडांच्या चकत्यांचं कडं. त्यामुळे तो खोबणीत फारसा फिरत नाही. घुबड मान फिरवतं ते त्यासाठी. दोन डोळ्यांच्या मध्ये हाडाचा पडदा पातळ, आणि मागची नस इतकी आखूड की निकामी डोळा काढताना ती जराशी ओढली गेली, तरी शेजारच्या चांगल्या डोळ्याची दृष्टी जाऊ शकते. दिवसा शिकार करणाऱ्या ससाण्याच्या आणि गरुडाच्या प्रत्येक पडद्यावर तीक्ष्ण नजरेचे दोन बिंदू असतात, आपल्याला एकच. त्यातला जास्त तीक्ष्ण बिंदू तिरपा, बाजूला पाहतो. अमेरिकेतले संशोधक व्हान्स टकर यांनी दाखवलं की त्यामुळेच बहिरी ससाणा दूरच्या सावजाकडे सरळ रेषेत न जाता वळसा घेत, चक्राकार वाटेने उतरतो: मान सरळ ठेवायची, एका डोळ्याच्या कोपऱ्यातून सावज धरून ठेवायचं.

अशा डोळ्यावर आता शस्त्रक्रिया होतात. पक्ष्याच्या तोंडावर छोटा मास्क लावून भूल देतात, सूक्ष्मदर्शकाखाली मोतीबिंदू फोडून शोषून घेतात. अमेरिकेतल्या एका मोठ्या शिंगवाल्या घुबडाच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढून, त्याच्या मापाची खास भिंगं बनवून बसवल्याचं वृत्त 2007 मध्ये पशुवैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. मिनेसोटा विद्यापीठातलं रॅप्टर सेंटर 1974 पासून शिकारी पक्ष्यांवरच काम करतंय. अबू धाबीत 1999 पासून खास ससाण्यांसाठी उभारलेलं रुग्णालय आहे.

इथपर्यंत सगळं कौतुकाचं. अडचण सुरू होते ती टाके काढल्यावर.

कारण डोळा बरा झाला की नाही, हे ठरवायचं कशावरून? घुबड काही भिंतीवरची अक्षरं वाचून दाखवणार नाही. पक्षी उडतो, फांदीवर नीट उतरतो, हे ठीक. पण रानात त्याचं पोट उडण्याने भरत नाही. म्हणून अमेरिकेतल्या अनेक केंद्रांत सोडण्याआधी शेवटची परीक्षा असते. उंच काठांच्या टबात पेंढा टाकतात आणि त्यात जिवंत उंदीर सोडतात. रात्रभर कॅमेरा चालू. घुबडाने उंदीर पकडला, एकदा नव्हे तर रोज पकडला, तर ते पास. ब्रिटनमध्ये जिवंत सावज देणं सहसा गैर मानतात. तिथे दुसऱ्या खुणांवरून अंदाज बांधतात आणि उंदराचं मरण पिंजऱ्याबाहेर, रानावर सोपवतात. मरण टळत नाही, फक्त दृष्टीआड होतं.

या डोळ्याचं कामच मुळी मारणं आहे. तो दुरुस्त करणारा हात पुढच्या कित्येक वर्षांच्या शेकडो उंदीर-सरड्यांच्या मरणावरही नकळत सही करतो. मग याला जीवदया म्हणायचं का?

हा प्रश्न भारतीय माणसाला नवा नाही. महाभारताच्या वनपर्वात तो खुद्द ससाण्याच्या तोंडी आहे. कबुतर राजाच्या मांडीवर येऊन पडतं, मागोमाग ससाणा येतो. एका ठिकाणी राजा उशीनर आहे, दुसऱ्या ठिकाणी त्याचा मुलगा शिबी. लहानपणी ऐकलेल्या गोष्टीत आपल्याला तराजू आठवतो, मांडीचं मांस कापून पारड्यात टाकणारा राजा आठवतो, आणि शेवटी ससाण्याचा इंद्र नि कबुतराचा अग्नी होतो हेही. विसरलं जातं ते ससाण्याचं म्हणणं. तो राजाला सरळ विचारतो: मला विधात्याने हेच अन्न नेमून दिलंय. तू ते हिरावलंस तर मी मरेन, मागे माझी बायकापोरं मरतील. एकाला वाचवताना तू अनेकांना मारतोस. आणि जो धर्म दुसऱ्या धर्माची वाट अडवतो, तो धर्म कसला? राजा त्याला बैल, डुक्कर, हरीण, रेडा देऊ करतो. म्हणजे कबुतराऐवजी दुसऱ्या कुणाचा तरी जीव! ससाणा नाही म्हणतो. मग कुठे राजा स्वतःच्या मांडीकडे वळतो. राजाचं मोठेपण दयेत कमी आणि इथे जास्त आहे. ससाण्याचा दावा त्याने खोटा ठरवला नाही. दावा मान्य केला आणि भरपाई आपल्या अंगातून दिली.

जैन परंपरेत हीच कथा मेघरथ राजाची आहे. सोळावे तीर्थंकर शांतिनाथ यांचा तो पूर्वजन्म. आणि नेमक्या त्याच परंपरेने दिल्लीत पक्ष्यांचं रुग्णालय उभारलंय. लाल किल्ल्यासमोर, चांदणी चौकाच्या तोंडाशी दिगंबर जैन लाल मंदिर आहे, त्याच्या आवारात. 1929 पासून चालत आलेल्या या धर्मादाय रुग्णालयात पंख तुटलेली कबुतरं, उन्हाने कोसळलेले पोपट, पंख्याने कापलेल्या चिमण्या येतात. एक पैसा घेत नाहीत. बरा झालेला पक्षी पुन्हा पिंजऱ्यात जाऊ नये, तो आकाशातच जावा, असा इथला दंडक. शिकारी पक्षी आला तर त्याच्यावरही उपचार होतात, पण बाह्यरुग्ण म्हणून. मलमपट्टी करायची आणि परत पाठवायचं. दाखल करून घ्यायचं तर मांस घालावं लागेल. आणि शेजारच्या पिंजऱ्यातलं कबुतर आधीच अर्धमेलं, त्याने घारीकडे बघत बरं कसं व्हायचं?

बाहेरच्याला हे विसंगत वाटतं. पण घार पापी आहे असं इथे कुणी म्हणत नाही. आपल्या हातून मांस जाऊ नये, एवढाच नियम आहे. अहिंसा म्हणजे आधी आपले हात. जगाचा हिशेब नंतर. या विचाराचं सर्वांत धारदार टोक अठराव्या शतकात आचार्य भिक्षूंनी गाठलं. 1760 मध्ये श्वेतांबर तेरापंथ स्थापन करणाऱ्या या राजस्थानी साधूने मांजराच्या तोंडातून उंदीर सोडवण्याला मोक्षमार्गातला धर्म मानायला नकार दिला. त्याला त्यांनी लौकिक दया म्हटलं. व्यवहारात तिला जागा आहे, पण आत्म्याची मुक्ती तिने होत नाही. जो वाचला तो पुढे आणखी कुणाला तरी खाणार. आणि मांजराकडून हिसकावून घेणं हीही जबरदस्तीच. खरी, लोकोत्तर दया म्हणजे मारणाऱ्याचं मन पालटणं. मांजराचं ते पालटत नसेल तर आपण आपला संयम सांभाळावा. इतर जैन पंथीयांनी या मतावर कडाडून टीका केली. प्राणी वाचवू नका असं सांगणारा हा कसला धर्म, असं विचारलं. टीका समजण्यासारखी आहे. पण भिक्षूंनी बोट ठेवलं ती जागा खरी होती: जीव वाचवण्याचं पुण्य मोजायला बसलं की बेरीज कधी पुरी होत नाही. घुबड वाचवलं, अधिक एक. त्याने खाल्लेले उंदीर, उणे शंभर. त्या उंदरांनी जे धान्य खाल्लं नाही ते कुणाच्या पोटात गेलं, अधिक किती? बनियाच्या वहीत न मावणारा हिशेब.

मग आधी ही वहीच बाजूला ठेवायला हवी. त्याचा एक रस्ता लाल मंदिरापासून काही मैलांवर, यमुनेकाठच्या वजीराबादला सापडतो.

नदीम शहजाद आणि मोहम्मद सौद हे दोघे भाऊ. पोरवयात त्यांना जखमी घार सापडली, तेव्हा ती मांसाहारी म्हणून पक्षी-रुग्णालयात तिला जागा मिळाली नाही. 2003 मध्ये पुन्हा एक जखमी घार दिसली, ती त्यांनी घरीच आणली. तळघरात साबणाचे डिस्पेन्सर बनवायचा घरचा धंदा. त्याच तळघरात घारींचे पंख शिवणं सुरू झालं. व्यायामाच्या नादापायी स्नायू नि शिरा यांची जी माहिती झाली होती, ती कामी आली. आजवर 20,000 हून अधिक पक्षी त्यांच्या हातांखालून गेलेत. शौनक सेन यांच्या ‘ऑल दॅट ब्रीद्स’ या माहितीपटाने 2022 मध्ये हे तळघर जगाला दाखवलं. सनडान्सला त्याला ज्युरीचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, तर कान महोत्सवात माहितीपटासाठीचा. या दुसऱ्या पुरस्काराचं नावच ‘सोनेरी डोळा’ आहे.

त्या तळघरात येणाऱ्या घारी बहुतेक मांजाने कापलेल्या. काचेची पूड लावलेला नायलॉनचा दोरा, ज्याला सगळे ‘चिनी मांजा’ म्हणतात, तो हवेत दिसतच नाही. दोनशे फुटांवरून उकिरड्यातला तुकडा हेरणारी घार या दोऱ्यासमोर आंधळी. दोरा पंखात घुसतो, घार सुटायला धडपडते, आणि प्रत्येक झटक्यासरशी तो कातडी, स्नायू, कधी हाडापर्यंत उतरतो. 2017 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने असा मांजा देशभर बंद केला. तरी दिल्लीत पंधरा ऑगस्टच्या आसपास, गुजरातेत उत्तरायणाला आणि आपल्याकडे संक्रांतीला पक्षी कापले जातातच.

दिल्लीत घारी एवढ्या का, याचंही उत्तर धर्माशी येऊन भिडतं. जुन्या दिल्लीत मुसलमान माणसं सदका म्हणून घारींना मांसाचे तुकडे उडवतात. संकट टळावं, केलेल्या चुका धुतल्या जाव्यात म्हणून. संशोधक निशांत कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीच्या घारींचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, तेव्हा दिसलं की घारी घरटं कुठे बांधतात यात या वस्त्यांची जवळीकही मोजावी लागते. लाल मंदिरात कबुतराला दाणा पडतो, पलीकडच्या गल्लीत घारीला मांस. दोन्हीकडे देणाऱ्याच्या मनात पुण्यच. फरक एवढाच की सदका देणाऱ्याने घारीला तिच्या चालीने जगायला मुभा दिलेली असते.

मराठी घरातही याची खूण आहे. पितृपक्षात कावळ्याला वाढलेलं पान आणि जेवायच्या आधी ताटाबाहेर काढलेला घास, दोन्ही जुन्या पंचमहायज्ञांतल्या भूतयज्ञाच्या कुळीतले. गृहस्थाने रोज देवांचं, ऋषींचं, पितरांचं, माणसांचं देणं द्यायचं, तसंच भूतमात्रांचंही. शब्द नीट पाहिला तर त्यात दया नाही, देणं आहे. दयेत देणारा वर असतो, घेणारा खाली. देण्यात उलटं: घेणारा सावकार. आणि सावकाराने आपला पैसा कसा खर्चावा हे कर्जदार ठरवत नाही.

शिकारी पक्ष्याच्या डोळ्यावरची शस्त्रक्रिया या बाजूने पाहिली की उंदराचा प्रश्न सुटत नाही, पण जागा बदलतो. घुबडाचा डोळा घुबडाच्या नशिबाने गेला नाही. तो मोटारीने नेला, काचेने नेला. त्याआधी उंदीर आणि घुबड यांचा जो काही व्यवहार चालू होता, त्यात माणसाला कुणी पंच नेमलं नव्हतं. माणूस मध्ये घुसला तो गाडी घेऊन. तेव्हा डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली जे करतो, ते कर्ज फेडण्याच्या जवळ जातं. आणि परतफेड ज्या नाण्यात कर्ज काढलं त्याच नाण्यात व्हायची. घुबडाकडून मारता येण्याजोगी नजर घेतली. पिंजऱ्यात आयुष्यभर आयतं मांस भरवून तिची भरपाई होत नाही. ते कबुतराच्या गोष्टीतल्या राजाने सुरुवातीला देऊ केलेल्या बैला-डुकरासारखं झालं.

याही विचाराला टोचणारी टोकं आहेत. देणं फिटण्याजोगं नसेल तर? अमेरिकेतल्या केंद्रीय नियमांनुसार पुनर्वसन करणाऱ्याने पूर्ण आंधळ्या झालेल्या वन्य पक्ष्याला शांतपणे मरण द्यावं लागतं. कोपरापासून वर पंख कापावा लागेल अशा पक्ष्यालाही. नाहीतर 180 दिवसांच्या आत तो सोडायचा किंवा खास परवानगी काढायची. नियम कोरडा वाटतो, पण त्यात पक्ष्याच्या बाजूने एक विचार आहे: जो पाहू शकत नाही तो ससाणा पिंजऱ्यात रोज भिंतीवर आपटत, प्रत्येक आवाजाला दचकत जगतो. 1928 मध्ये साबरमती आश्रमात वेदनेने तडफडणाऱ्या एका वासराला गांधीजींनी इंजेक्शन देववून मरण दिलं, तेव्हा संतापलेल्या पत्रांचा पाऊस पडला. लिहिणाऱ्यांत जैन वाचक बरेच होते. गांधीजींचं म्हणणं होतं की कधी कधी मारण्यातही अहिंसा असू शकते. टीकाकार विचारत होते, वासराला मरायचं होतं हे तुम्हाला कुणी सांगितलं? आंधळ्या गरुडाच्या पिंजऱ्यासमोर दोन्ही वाक्यं आजही तितकीच जड. त्यातून एक डोळा गेलेल्यांचं निराळंच. गव्हाणी घुबड मिट्ट काळोखात नुसत्या कानांच्या भरवशावर उंदीर धरतं, हे प्रयोगांनी सिद्ध झालंय. तेव्हा एकडोळ्या घुबडाला सोडून पाहावं असं काहीजण म्हणतात. बहिरी ससाण्याचं सगळं गणित नजरेवर, त्याला सोडणं म्हणजे उपाशी मारणं. एकच जखम, पण कुणाचं देणं फिटतं नि कुणाचं नाही हे जातीवर ठरतं.

आणि उंदीर? टबातल्या उंदराचं देणं कुणी घेतलेलं नाही. तो प्रयोगासाठी वाढवलेला, पांढरा, पळून जायला जागा नसलेला. रानातल्या उंदराला निदान बीळ असतं. भिक्षूंचा आक्षेप इथे खणखणीत वाजतो: हा जीव आपल्या हाताने आपण त्या टबात ठेवला. ऋणाचा युक्तिवाद इथे लंगडा पडतो, आणि जी केंद्रं ही परीक्षा घेतात त्यांतले कार्यकर्तेही टब भरायचं काम हौसेने करतात असं नाही.

अजिंठ्याला गेलेल्यांना शिबीच्या दोन्ही कथा एका डोंगरात भेटतात. पहिल्या लेण्यात कबुतर, ससाणा आणि तराजू. सतराव्यात दुसरा शिबी, पाली जातकातला. त्याच्याकडे आंधळा ब्राह्मण येऊन डोळा मागतो, राजा दोन्ही देतो. डोळे काढायला बोलावलाय सीवक नावाचा वैद्य. तो आधी शस्त्र लावत नाही, औषधी पूड लावतो. डोळा फिरतो, वेदना होते. वैद्य थांबतो आणि म्हणतो, महाराज, विचार करा, अजून मी तो परत बसवू शकतो. राजा म्हणतो, चालू दे. पुन्हा पूड, आणखी वेदना, डोळा खोबणीतून बाहेर येतो, आणि वैद्य पुन्हा थांबून तेच म्हणतो. कथेचं सगळं तेज राजाच्या दानाला मिळालंय. पण जिथे वैद्याचा हात दरवेळी अडखळतो, तिथे शस्त्रक्रियेच्या खोलीत उभा राहिलेला कुणीही स्वतःला ओळखेल.

परीक्षेच्या सकाळी कार्यकर्ता घुबडाच्या दांडीखाली वाकून बसतो. कॅमेऱ्यातलं चित्र धुरकट असतं, त्यापेक्षा खात्रीची गोष्ट जमिनीवर सापडते. घुबड न पचलेली हाडं आणि केस यांची करडी गोळी करून तोंडावाटे टाकून देतं. ती गोळी पाण्यात भिजवून चिमट्याने हलकेच उकलतात. आधी ओल्या केसांचा पुंजका, मग टाचणीएवढ्या फासळ्या, आणि शेवटी करंगळीच्या नखावर मावेल असा खालचा जबडा, पुढचे दोन पिवळे दात अजून जागेवर. कार्यकर्ता तो जबडा पांढऱ्या कागदावर ठेवतो, तारीख लिहितो, आणि कालच्या जबड्यांशेजारी चिकटवतो.